सीआरपी वाढलंय, आता काय?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ग्रुपवर सुप्रभातच्या खालोखाल काही येत असेल, तर रक्ताचे रिपोर्ट! त्यातल्या सीआरपीला तुम्ही फार घाबरता. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणून आज त्यावरच बोलायचा हुकूम झालाय.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतं. टाइप टू मधुमेहात हा दाह पुष्कळदा धुमसता असतो. ताप नाही, दुखणं नाही. पोटातली चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. ती रक्तात काही रसायनं सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं.

‘मी तर सडपातळ’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ३ च्या वर असेल तर हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. पण सर्दी झाली, हिरड्या सुजल्या तरी ते वाढतं. धूर दिसतो, चूल पेटलीय की गवताची गंजी, ते कळत नाही. मला जास्त काळजी वाटते ती सीआरपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणाऱ्या मधुमेह्यांची. मूत्रपिंड दुखत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधी लघवीत अल्ब्युमिन झिरपू लागतं. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुन्हापुन्हा ३० च्या वर आलं, तर डॉक्टरांना गाठा. या टप्प्यावर औषधांचा चांगला उपयोग होतो. साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये पुष्कळदा नेमकी हीच नसते, म्हणून मागून घ्या. डोळ्यांचंही तसंच. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघायला सांगा, वर्षातून एकदा.

राहिले पाय. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा मी सोबत आणलाय. तळव्याला त्याचा स्पर्श कळतो का, एवढंच बघायचं. जेवणं झाली की ज्यांना साखर आहे त्यांनी चपला-बूट काढून सातवी ‘ब’च्या वर्गात यावं. सर, सुरुवात तुमच्यापासून.