उद्धारक तबकडी व तिची घडण



घरांतील संगणक एके दिवशीं सुरूच होत नाहीं; पडद्यावर दोन इंग्रजी ओळी उमटतात आणि पुढें कांहीं घडत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ कुटुंबांत घाईनें ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानें बसविली जाते. यंत्र चालूं लागतें खरें. पण मुलांचीं छायाचित्रें, घरचा हिशेब, वडिलांनीं टंकून ठेवलेल्या आठवणी ज्या हार्ड डिस्कवर होत्या, तिच्यावरच नवें लिखाण होऊन जुनें पुसलें जातें.

वास्तविक यंत्र सुरू न होणें आणि त्यांतील ठेव नष्ट होणें या भिन्न गोष्टी आहेत. आजारी डिस्कवर कांहींहि न लिहितां दुसऱ्याच साधनावरून संगणक सुरू करतां आला, तर आंतील बरेंचसें सामान शाबूत सांपडण्याचा संभव असतो. हें साधन म्हणजेच उद्धारक तबकडी. सीडीवरून संगणक सुरू करण्याची 'एल टोरिटो' ही पद्धति १९९५ सालीं ठरली. पुढें क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानें 'क्नॉपिक्स' या नांवानें अख्खी लिनक्स प्रणाली ७०० मेगाबाइटांच्या एका सीडींत दाबून बसविली. ती उलगडली म्हणजे सुमारें २ गिगाबाइट भरे. आज सीडीची जागा पेन ड्राइव्हनें घेतली आहे; मी मात्र जुनें नांव सोडीत नाहीं.

निरनिराळ्या कर्त्यांचीं हत्यारें एका पेटींत भरावयाचीं व ती पेटी शेजाऱ्यासहि द्यावयाची, तर प्रत्येकाची परवानगी हवी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पापासून जी मुक्त सॉफ्टवेअरची परंपरा वाढली, तींत ही परवानगी परवान्यांतच लिहिलेली असते.

डेबियन या लिनक्स प्रणालींत 'लाइव्ह-बिल्ड' नांवाचें साधन आहे. एका साध्या यादींत हव्या त्या आज्ञावलींचीं नांवें लिहून आज्ञा दिली कीं आयएसओ फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाहीं; बाइटामागून बाइट जशीच्या तशी उतरवावी लागते, आणि त्यांत ड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व कांहीं जातें. येथें भलत्या डिस्कचें नांव दिलें तर उद्धाराऐवजीं संहारच व्हावयाचा.

पेटींतील पहिलें हत्यार 'ग्नू डीडीरेस्क्यू'. (डेबियनच्या यादींत तें 'जीडीडीरेस्क्यू' असें लिहावें, जवळजवळ त्याच नांवाची एक निराळी आज्ञावलीहि आहे.) नक्कल करणारी साधी आज्ञावली खराब जागा लागली कीं तेथेंच अडते. ही प्रथम सुखासुखीं वाचतां येईल तेवढें दुसऱ्या डिस्कवर उतरून घेते, अवघड जागा ओलांडून जाते, आणि मग त्या जागांकडे परत वळते. काय मिळालें, काय राहिलें, याची नोंद ती एका फाइलींत ठेवते. म्हणून वीज गेली तरी काम तेथूनच पुढें चालवितां येतें. ही नोंदवही मात्र दुसऱ्या डिस्कवरच असावी. संगणकाच्या स्मृतींत ठेविली तर विजेबरोबर तीहि जाईल. पुढचे सर्व उपचार नकलेवर करावे, मूळ डिस्कवर नव्हेत.

मग 'टेस्टडिस्क' हरवलेली विभागणी जुळविते. 'फोटोरेक' तर फाइलींच्या नांवांकडे पाहतच नाहीं. जेपेग छायाचित्राचा आरंभ ठराविक बाइटांनीं होतो, त्या खुणेवरून ती सारी डिस्क चाळते. चित्रें मिळतात, त्यांचीं नांवें बहुधा मिळत नाहींत. तीं एकेक ओळखीत बसणें हें काम घरच्या वडील मंडळींचें.

या तबकडीलाहि मर्यादा आहेत. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल तर यंत्र तात्काळ बंद करावें. तो विकार आज्ञावलीनें बरा होणारा नाहीं. एसएसडीवरून पुसलेली फाइल बहुधा कायमचीच जाते, कारण रिकामी ठरलेली जागा ती डिस्क स्वतःच साफ करून टाकते. आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली हवीच. ती किल्ली आजच कागदावर उतरून घ्यावी.

तबकडी तयार झाली कीं त्याच आठवड्यांत धडधाकट संगणकावर ती एकदां लावून पाहावी. सुरू होतांना कोणती कळ दाबली म्हणजे यंत्र पेन ड्राइव्हकडे वळतें, 'सिक्युअर बूट' आडवें येतें कीं काय, हें तेव्हांच कळतें. त्या कळीचें नांव एका चिठ्ठीवर लिहून तबकडीलाच बांधून ठेवावें.