तत्त्वज्ञान घेऊन एम. ए.



आपल्या रोजच्या बोलण्यात 'तत्त्वज्ञान' हा शब्द बहुधा कोणाला तरी गप्प करण्यासाठी येतो. 'उगीच तत्त्वज्ञान सांगू नकोस,' असे आपण म्हणतो. मनात असते ते एवढेच की, बाबा रे, उपदेश पुरे कर. उलट, प्रवचन ऐकून घरी आलेला मनुष्य 'आज फार मोठे तत्त्वज्ञान कानांवर पडले' असेही समाधानाने सांगतो. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने किंवा मुलीने बी. ए. झाल्यावर 'मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करणार' असे घरी सांगितले, की वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका येतात. पोर बुवाबाजीला लागणार की काय, ही एक; आणि बेकार राहणार, ही दुसरी. मी हा विषय महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत या दोन्ही शंका मला दरवर्षी ऐकाव्या लागतात. आज पहिलीपासून सुरुवात करतो. दुसरी टाळणार नाही.

या वर्गात शिकवतात तरी काय? एक उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तेथे अग्नी असला पाहिजे, असे आपण म्हणतो. आपल्याकडच्या न्यायदर्शनात हे अनुमानाचे अगदी ठरलेले उदाहरण आहे. आता ते उलटे करून पाहा. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येईल का? लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा डोळ्यांपुढे आणा. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर येतो कशाने? ओल्या सरपणाने. पावसाळ्यात चूल पेटवताना डोळे चोळणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. पण नैयायिकांनी या न दिसणाऱ्या अटीला 'उपाधी' असे नाव दिले आणि अनुमान नेमके कोठे फसते ते दाखवून दिले.

येथवर सोपे आहे, बरं का. आता चार्वाक उभा राहतो. तो म्हणतो, 'जेथे धूर तेथे अग्नी, हे तुम्ही छातीठोकपणे सांगता. पण सगळ्या देशांतला, सगळ्या काळांतला धूर तुम्ही पाहिला आहे काय? नाही ना? मग ही खात्री कोठून आणली?' याच घाटाचा प्रश्न पुढे स्कॉटलंडमधील डेव्हिड ह्यूमने १७३९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात उभा केला. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेल, याला आधार कोणता? शतके लोटली, पण सर्वांचे समाधान होईल असे उत्तर कोणाला देता आलेले नाही. एम. ए.च्या विद्यार्थ्याने या प्रश्नाशी झटापट करायची असते. यात बुवाबाजीला जागा कोठे आहे, ते तुम्हीच सांगा.

मला विचाराल तर या दोन वर्षांत शिकायची मुख्य गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पूर्वपक्ष. आपले जुने शास्त्रकार स्वतःचे मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडत. त्याच्या शंका, त्याची उदाहरणे, त्याची युक्ती, सगळे आधी येई. सिद्धान्त त्यानंतर. याचा एक मोठा लाभ असा की, चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झाले, तरी त्यांचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे, ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' हा ग्रंथ चार्वाकापासूनच सुरू होतो, आणि माधवाचार्य तर वेदान्ती!

अर्थात विरोधकाने लिहिलेला पूर्वपक्ष डोळे मिटून घ्यायचा नसतो. 'खा, प्या, मजा करा' एवढाच चार्वाक आपल्यापर्यंत का पोचला आणि अनुमानावर इतका बारीक आक्षेप घेणारा चार्वाक मागे का पडला, हेही विचारावे लागते. परीक्षेत चार्वाकमताचे परीक्षण करा असा प्रश्न आला, की कच्चा विद्यार्थी तीन ओळींत त्याला निकालात काढतो आणि खंडनाची चार पाने भरतो. मी वर्गात सांगतो की, उत्तर असे लिहा की चार्वाकाने ते वाचून 'होय, हेच माझे म्हणणे' अशी मान डोलावली पाहिजे. मग खुशाल खंडन करा. हे वाटते तितके सोपे नाही. पहिले सहा महिने पुष्कळांना ते जमत नाही, कारण जे मत आपल्याला पटत नाही ते नीट मांडताना मन आतून कुरकुरते.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरावे म्हणून दोघे बोलतात तो वाद. काही करून जिंकायचेच म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचे मत काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडत राहायचे, ही वितंडा. मराठीत 'वाद' म्हणजे भांडण होऊन बसले आहे, ही एक गंमतच. ग्रामसभेत पाण्याच्या पाळीवरून किंवा गायरानावरून बोलणे निघाले की तिन्ही प्रकार एका तासात पाहायला मिळतात. कोणता कोठे सुरू झाला एवढे जरी ओळखता आले, तरी सभा अर्धी लवकर संपेल!

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक लहानसा मासला. 'पाऊस पडला नाही म्हणून पीक गेले' आणि 'रस्त्यावर चिखल आहे म्हणून रात्री पाऊस पडला असावा' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहा. 'म्हणून' दोन्हीकडे तेच आहे, पण काम निराळे. पहिल्यात पाऊस न पडण्याने पीक गेले. दुसऱ्यात चिखलाने काही पाऊस पडला नाही. चिखल हा आपल्या समजुतीचा आधार आहे. घडवून आणणारे कारण आणि पटवून देणारे कारण, दोघांनाही आपण 'कारण' म्हणतो. तत्त्वज्ञानातले कितीतरी घोटाळे या एका शब्दापाशी सुरू होतात. सातवीतल्या मुलांना हा फरक कळतो, आणि त्यांना मौजही वाटते.

भाषेची भीती पुष्कळांना असते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे ग्रंथ इंग्रजीतून वाचावे लागतात, हे खरे. पण मराठी काही रिकाम्या हाताची नाही. देविदास दत्तात्रेय वाडेकर यांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली तीन खंडांत निघाला. अडलेल्या शब्दाला तो उपयोगी पडतो. आणि पुष्कळ घरांत फडताळावर 'गीतारहस्य' असते, पूजेतल्या वस्तूसारखे. ते खाली काढा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली छापलेला हा ग्रंथ केवळ गीतेवरची टीका नाही. त्यात मिल्ल, स्पेन्सर, कांट, ग्रीन हे सारे येतात. आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण वाचले तर पूर्वपक्ष मराठीत कसा मांडावा, ते दिसेल. याच मिल्ल आणि स्पेन्सरचा आगरकरांवर केवढा प्रभाव होता! टिळक-आगरकर एका कॉलेजातले मित्र, वाचलेले ग्रंथकार तेच, आणि निष्कर्ष निराळे. हा विषय शिकला म्हणजे अमुक एका मताचा मनुष्य तयार होतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आगरकरांचे नाव निघाले, तेव्हा दुसऱ्या शंकेकडे यावेच लागेल. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा गरिबाघरचा मुलगा इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाला, आणि मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, असे त्याने आईला पत्राने कळविले. प्रत्येकाने असे पत्र लिहावे, असे मी म्हणणार नाही. घरात कर्ज असेल, धाकटी भावंडे शिकायची असतील, तर हिशेब केलाच पाहिजे. हिशेब असा. महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए.ला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५०. त्यावर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. इतके करूनही जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे माझ्या ओळखीचे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, पण त्या परीक्षेच्या भरवशावर एम. ए. करणे म्हणजे मृगाच्या आधीच्या ढगावर पेरणी करणे. बी. एड. जोडीला असेल तर कनिष्ठ महाविद्यालयातील तर्कशास्त्राचा मार्ग उरतो, तोही अरुंदच.

नोकरीत असलेल्या शिक्षकाची गोष्ट मात्र वेगळी. पोटाची सोय झालेली आहे, संध्याकाळ मोकळी आहे, अशांनी जरूर विचार करावा. कोणत्याही विषयाच्या पदवीधराला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा तत्त्वज्ञानाचा एम. ए. घरी राहून करता येतो.

प्रवेशाआधी स्वतःची परीक्षा पाहायची असेल तर देकार्तची 'चिंतने' घ्या. १६४१ सालचे पुस्तक, प्रकरणे सहाच. मी जागा आहे की स्वप्नात, हे कशावरून, असा प्रश्न पहिल्याच प्रकरणात आहे. रोज दोन पाने वाचा आणि वहीत मराठीत लिहा: हा काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि याला आडवे कोण येईल. महिनाभर वही चालली आणि तरी पुढचे पान उलटावेसे वाटले, तर अर्ज मागवा.