हाडांची गोळी आणि सकाळचा चहा

हाडं ठिसूळ होत असताना दुखत नाहीत. एखादं मोडेपर्यंत पत्ताच लागत नाही, म्हणून औषध मध्येच सुटतं. अ‍ॅलेन्ड्रोनेटची हाडांसाठीची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच, पण तिची पथ्यं कडक. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची; मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही. आता चहाशिवाय अर्धा तास! आपल्याकडे खरी अडचण इथेच. कॅल्शियमची गोळी सोबतच घेतली, तर औषध अंगी लागत नाही. घरात कुणी गोळीचा वार लक्षात ठेवला, तर पुष्कळ सोपं जातं. शिवाय हाड मोडेल म्हणून पडण्याची धास्ती. तिच्यापायी आजी चालणंच सोडतात, मग पायांतली ताकद जाते आणि तोल आणखी बिघडतो. त्यापेक्षा न्हाणीघरात धरायला दांडी बसवा.