पंचांना कॅमेऱ्याची मदत हवीच, पण कशासाठी?



११ जून २०२४ रोजी दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीचा भारत-कतार सामना झाला. तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिला असेल. ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेनं गोल केला आणि आपण पुढे होतो. जिंकलो असतो तर थेट तिसऱ्या फेरीत! ७३व्या मिनिटाला युसेफ ऐमेनचं हेडर गुरप्रीतनं अडवलं, चेंडू गोलजवळून रेषेबाहेर गेला, कतारच्या दुसऱ्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला आणि ऐमेननं जाळ्यात ढकलला. पंचांनी गोल दिला. पुढे कतारनं आणखी एक केला, २-१ नं सामना संपला.

घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकानं तो चेंडू बाहेर गेलेला पाहिला. पाहू शकले नाहीत ते फक्त पंच, कारण त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ सहाय्यक पंच नव्हता.

‘चुका हा खेळाचाच भाग आहे’ असं म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. मला ते पटत नाही. गुडघा खरचटणं हा खेळाचा भाग आहे. लाखो लोकांना दिसलेली गोष्ट एकट्या निर्णय देणाऱ्यालाच न दिसणं, हा नाही.

पण मग सगळं कॅमेऱ्यावर सोपवायचं का? इथे मी जरा थांबतो. मैदानावर दोन जातींचे प्रश्न असतात. चेंडू रेषेपलीकडे गेला का, याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून चांगला आत पडला होता, तरी गोल मिळाला नाही. २०१४ च्या विश्वचषकात गोलरेषा तंत्रज्ञान आलं. आता पंचांच्या मनगटावरच्या घड्याळात इशारा येतो आणि कोणी हुज्जत घालत नाही.

दुसरी जात मतांची. हात मुद्दाम लावला की लागला? धक्का पेनल्टी देण्याइतका होता का? २०१८ च्या अंतिम सामन्यात पंच पिटाना यांनी पडद्यावर पाहून क्रोएशियाच्या पेरिसिचविरुद्ध पेनल्टी दिली. त्यावर आजही वाद घालता येतो. कॅमेऱ्यानं चित्र दिलं, निर्णय माणसाचाच राहिला. संथ गतीत तर साधा धक्कासुद्धा मारामारीसारखा दिसतो.

ऑफसाइडची गंमत वेगळीच. सेकंदाला ५० चित्रं टिपणारा कॅमेरा धरा. जोरात धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये सुमारे पंधरा सेंटिमीटर पुढे सरकतो. अशा कॅमेऱ्यावर रेघा मारून बुटाच्या टोकाचा ऑफसाइड काढणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूत सोनं तोलण्यासारखं आहे. आणि यंत्र बरोबर असूनही माणूस चुकतोच. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल बरोबर होता. पण मैदानावर गोल दिलाय असाच व्हीएआरच्या खोलीत समज झाला. ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं गेलं आणि चांगला गोल बाद राहिला.

आता आपल्या घरचं. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत सुनील छेत्रीनं झटपट फ्री किक मारली, गोल झाला, आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ चिडून मैदान सोडून गेला. त्यांना चार कोटींचा दंड झाला. तेव्हापासून ‘आयएसएलमध्ये व्हीएआर आणा’ ही मागणी जोरात आहे. मला विचाराल तर त्या दिवशी व्हीएआर असता तरी भांडण मिटलं नसतं. किक पटकन घेऊ द्यायची की शिट्टीसाठी थांबवायचं, हा पंचांच्या अखत्यारीतला प्रश्न होता.

शिवाय पूर्ण व्हीएआर महाग. जास्त कॅमेरे, वेगळी खोली, तिथे बसणारे प्रशिक्षित पंच. आणि मैदानावरच चांगले पंच पुरेसे नाहीत. म्हणून मला ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही फिफानं २०२४ पासून आजमावलेली पद्धत आपल्यासाठी योग्य वाटते. वेगळे व्हिडिओ पंच नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला दोनदा दाद मागता येते. दाद बरोबर ठरली तर संधी शिल्लक राहते. पंच स्वतः कडेच्या पडद्यावर पाहून निर्णय देतात. क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. आणि दाद जपून वापरायची असल्यानं प्रत्येक गोलनंतर आनंद करायचा की वाट पाहायची, हा छळही कमी होतो.

यातही अडचण आहेच. कॅमेरेच मोजके असतील, तर हवा तो कोन मिळेलच असं नाही. पण आज कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हा गॅलरीतला पोरगा मोबाइलवर गोल पुन्हा पाहून पंचांच्या नावानं ओरडू शकतो. पंचांनी मात्र एकदाच, धावता धावता, वीस खेळाडूंच्या गर्दीतून पाहिलेलं असतं.