मालावीच्या तळ्यात उतरताना

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, तुम्ही आफ्रिकेत तीन महिने राहून आलात, तिथलं काही सांगा की." तर आज तिथल्या पाण्याबद्दल बोलते.

मालावी हा देश आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. पण त्याच्या कडेनं जे तळं आहे, ते मुंबईहून गोव्याला जावं एवढं लांब. तळं कसलं, समुद्रच. लाटा येतात, पलीकडचा काठ दिसत नाही. मी स्वयंसेवक म्हणून गेले होते, तिथल्या बायकांना बचतीच्या वह्या लिहायला मदत करायला. तिथं गटाला 'बँक म्खोंदे' म्हणतात, म्हणजे ओटीवरची बँक. आपल्यासारखेच पैसे जमवायचे, कर्ज द्यायचं. फक्त वर्षअखेरीला सगळं वाटून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ऑक्टोबरात तिथं आपल्या मे महिन्यासारखं ऊन. हिशेब करून डोकं तापलं, की समोर ते निळंशार पाणी. बाहेरून आलेली स्वयंसेवक मुलं सुटी मिळाली की तिथंच पोहायला धावतात. मीही विहिरीत पोहायला शिकलेली, त्यामुळे पाय शिवशिवायचेच.

पण त्या पाण्यात एक आजार आहे, बिलहार्झिया. आपल्याकडे पूर्वी नारू होता, थोरल्या बायकांना आठवत असेल. नारू पाणी पिण्यातून व्हायचा, म्हणून फडक्यानं गाळलं की निभायचं. हा आजार पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी होतो. आजारी माणसाच्या लघवीतून किंवा शौचातून जंताची अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेले जीव गोगलगायीत वाढतात आणि पुन्हा पाण्यात येऊन माणसाच्या कातडीतून आत शिरतात. डोळ्यांना काही दिसत नाही. आणि भर दुपारी, आपल्याला पाण्यात उतरावंसं वाटतं तेव्हाच, ते पाण्यात जास्त असतात.

तिथं केप मॅक्लिअर नावाची जागा आहे, स्वच्छ वाळू, रंगीत मासे. १९९२ साली तिथं पोहलेल्या दोन अमेरिकी स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेपर्यंत हा आजार पोचला. मग मालावीत राहणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास दर तिघांमागे एकाच्या रक्तात आजाराची खूण सापडली. पूर्वी म्हणे तिथं धोका कमी होता. गोगलगायी खाणारे मासे काठाजवळ भरपूर होते. बारीक जाळ्यांनी मासेमारी वाढली, ते मासे घटले आणि गोगलगायी वाढल्या, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

पाहुण्यांचं एक बरं असतं. नको तर उतरू नये, उतरलं तर घरी जाऊन गोळी घ्यावी. मी काठावर बसून बादलीनं आंघोळ करायचे, तर एक आजी हसून म्हणाल्या, "तुला बादली पुरते. माझे कपडे, भांडी, नातवंडं, सगळं याच पाण्यात." बायका गुडघाभर पाण्यात तासन् तास उभ्या असतात. हा आजार बायकांच्या आतल्या अवयवांनाही होतो. अंगावरून जातं, खाज येते, संबंधानंतर रक्त जातं, कधी मूल राहत नाही. लोकांना वाटतं, बाईच वाईट चालीची. म्हणून ती कुणाला सांगत नाही. गोळ्या वाटतात त्या बहुतेक शाळेतल्या मुलांना. शाळा सुटलेल्या बाईपर्यंत त्या पोचतातच असं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

हे फक्त तिकडचं आहे असंही समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारा हाच आजार १९५०च्या दशकात डॉक्टरांनी शोधून काढला होता.

आता आपल्या गावातली पोरं-पोरी कामाला, सेवेला आफ्रिकेत जायला लागली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. साचलेल्या, शेवाळ-गवत असलेल्या काठाला जाऊ नका. मुलांजे डोंगरात लिखुबुला नदीचे खडकातले डोह आहेत, तिथं पाणी थंड नि वाहतं, गोगलगायींना ते मानवत नाही; तरी उतरण्याआधी गावातल्या माणसांना विचारा. तळ्याचं पाणी भरून दोन दिवस झाकून ठेवलं, तर आंघोळीला चालतं. आणि पाण्यात उतरला असाल, तर त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. त्याआधी गोळी घेतली, तर जंत लहान असतात, ते मरत नाहीत. औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी आफ्रिकेतल्या तळ्यात उतरले होते." आपल्याकडे ते विचारायचं कुणाच्या ध्यानात येणार नाही.