परकी भाषा आणि कामगार



आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात इंग्रजी कागदावर न वाचता सही केली आणि तीन महिन्यांत नोकरी गमावली. मग शब्दकोश घेतला व कल्याण लोकलमध्ये उभ्याउभ्याने इंग्रजी शिकलो.

आता डोंबिवलीच्या एका सहकाऱ्याची मुलगी परिचारिका म्हणून फिनलंडला निघाली आहे. पंधरा विभक्तींची भाषा ऐकून ती घाबरली. तिच्याबरोबर आम्हीही पुस्तक उघडले. घर म्हणजे ‘तालो’, घरात ‘तालोस्सा’, घरातून ‘तालोस्ता’. प्रत्यय आपल्यासारखाच शब्दाला चिकटतो. आपला ‘पाऊस’ जसा ‘पावसात’ होतो, तसा त्यांचा रस्ता, ‘कातु’, रस्त्यावर म्हणताना ‘कादुल्ला’ होतो. इंग्रजाला याचे नवल वाटेल. मराठी माणसाला का वाटावे? शिवाय लिंगभेद नाही. तो आणि ती, दोघांना एकच सर्वनाम.

कामगार संघटना मालकांशी जो सामूहिक करार करतात, त्याचे फिनिश नाव काम, अट आणि करार हे तीन शब्द जोडून झाले आहे. तो शब्द आम्ही तिच्याकडून पहिल्या दिवशीच पाठ करून घेतला. बाजारहाट खुणांनीही होतो, बंधूंनो. पण सही करण्यापूर्वी कागद वाचावाच लागतो.