आधी पाय, मग स्टिक



आइस हॉकी शिकायला आलेलं मूल पहिल्याच दिवशी स्टिक मागतं. साहजिकच आहे. पण हा खेळ बराचसा पायांत असतो. स्केटचं पातं जेमतेम 3 मिलिमीटर जाड. त्याच्या तळाला लांबट खोलगट चर असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. वळणं, उलटं स्केटिंग, एकदम घेतलेला वेग, हे सगळं कोणत्या धारेवर किती भार दिला यावर ठरतं. गुडघे वाकलेलेच हवेत. ताठ उभा राहणारा हलक्या धक्क्यानंही आडवा होतो.

पुण्या-मुंबईकडे रोलर स्केटिंग करणारी मुलं पुष्कळ आहेत. तोल त्यांच्या अंगात असतो, पण बर्फावर ती अडतात थांबताना. इथे दोन्ही पाती झटकन आडवी करून, बर्फ खरवडत थांबायचं. चाकांना सरावलेले पाय लवकर धजत नाहीत.

पायांकडे बघावं लागेनासं झालं, की नजर मोकळी होते. कॅनडाचा वेन ग्रेट्झ्की काही धिप्पाड नव्हता. वडिलांनी परसात पाणी गोठवून केलेल्या रिंकवर तो लहानपणी डब्यांभोवती वळणं घेत राहायचा. पुढे पक, म्हणजे ती रबरी चकती, कुठे जाणार हे त्याला इतरांआधी कळू लागलं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याच्या नावावर 2857 गुण आहेत.

दमसास लागतो, पण वेगळ्या जातीचा. खेळाडू एका वेळी पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बदली होऊन बाकावर येतो. पुन्हा उतरतो, पुन्हा तेच.

आणि बर्फ? आपल्या महिला संघातल्या बऱ्याच मुली लडाखच्या. तिथे नैसर्गिक बर्फ टिकतो हिवाळ्यातले दोनेक महिने. तरी 2017 मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 हरवलं, आणि 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. त्यांना बारमाही रिंक मिळाली असती तर, हा प्रश्न मला सतावतो.

पालकांना एवढंच सांगेन: महागडी स्टिक राहू द्या. पायात घट्ट बसणारे स्केट्स घ्या आणि त्यांच्या पात्यांना वेळच्या वेळी धार लावून घ्या.